काडेपेटीची झडती

आमच्या घराचा उंबरठा विषाने कधी ओलांडला नाही. हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. कॉलनीच्या सभागृहात, मावसभावाच्या साखरपुड्यात आणि एकदा रॉकेलच्या रांगेत उभे असतानाही त्यांनी ते उच्चारलेलं मी ऐकलं आहे. प्रत्येक वेळी ते बोलून झाल्यावर बाबा क्षणभर थांबत, ऐकणाऱ्याच्या मनात ते नीट बसावं म्हणून. वाक्य बाबांचं होतं. त्यासाठी लागणारे रिठे आई फोडायची.

खडकीत आम्हाला कारखान्याचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे मोरी आणि मोरीवर वाकलेला कडुलिंब. कारखाना दारूगोळ्याचा. सकाळी भोंगा व्हायचा, दुपारी कुठूनतरी चाचणीचा बार ऐकू यायचा आणि फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे, आम्ही भात कालवत राहायचो. बाबा तिथे सुरक्षा विभागात होते. गेटवर प्रत्येकाचे खिसे तपासले जात. काडेपेटी, बिडी, लायटर, जे काही पेटेल किंवा पेटवेल ते बाहेरच्या लाकडी खोक्यात टाकायचं आणि मगच आत पाऊल ठेवायचं. हमाल असो की दिल्लीहून आलेला साहेब, खोकं सगळ्यांपुढे सारखंच सरकवलं जाई. बाबांना या खोक्याचा फार अभिमान होता. अशा जागी दिवस काढून आलेला माणूस संध्याकाळी घरातल्या फिनेलच्या बाटलीकडे ज्या संशयाने पाहायचा, त्याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता वाटत नाही. माणूस दिवसभर ज्याला घाबरतो, त्याला घाबरायची मुभा त्याला घरीच मिळते.

त्यांची ही मोहीम पोकळ मुळीच नव्हती, हे आधी सांगायला हवं. आईला दमा होता. मी दहावीत असताना शेजारच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये ढेकणांचं औषध फवारलं गेलं, त्याचा भपकारा भिंतीवरून आमच्या मोरीत आला, आणि आई मोरीचा कट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. दम्याचा आवाज सगळ्यांना माहीत असतो, ती शिट्टीसारखी घरघर. मला मात्र आवाजाच्या आधीच्या खुणा पाठ होत्या. आधी खांदे वर चढायचे. मग गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. आणि मग ती वाक्यं अर्धी करायची. श्वासाला वाट करून देण्यासाठी शब्द कमी करत जायची.

त्या दुखण्यातून ती उठली तेव्हा बाबांनी जमिनीवर बैठक मारली, चष्मा लावला आणि घरातल्या प्रत्येक बाटलीवरचं, डब्यावरचं आणि पुड्यावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. फिनेल, डांबरगोळ्या, झुरळांची पावडर, संडासचं अॅसिड, वासाची उदबत्ती, डासांची कॉइल, सगळं एका गोणपाटात गेलं. त्यांच्या जागी रिठे, शिकेकाई, खायचा सोडा, लिंबाच्या साली, चुलीची राख आणि कडुलिंब आला. कडुलिंब तर सगळीकडे. पाला धान्यात, पाला गाद्यांखाली, पाल्याचा काढा फरशीला. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने एकदा माझ्या ओढणीचा वास घेऊन विचारलं, “तुमच्याकडे कुणाला गोवर आलाय का गं?”

आणि आईला बरं वाटू लागलं. हेही खरंच होतं. महिनेच्या महिने तिला जोराचा झटका आला नाही. तिचे दंड मात्र दुखायचे, कारण फिनेल ओतून मोकळं होता येतं, फरशी सोड्याने घासावी लागते. रिठ्याच्या पाण्यात धुतलेल्या कपांना कडसर चव राहायची आणि चहावर पहिल्या घोटापर्यंत बारीक फेस दिसायचा. शेजारच्या शेख काकू कपात डोकावून म्हणायच्या, “वहिनी, चहा घेऊ की केस धुऊ?” आई हसायची. बाबा हसत नसत. ते म्हणायचे, “काकू, आपण हसताय, पण फेस नैसर्गिक आहे.”

सध्या मी मुलाकडे वाघोलीला राहते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी घर ‘केमिकल-फ्री’ कसं करावं ते कळवतं. माझी सून सई संत्र्याच्या सालींचं आणि गुळाचं काहीतरी बाटल्यांमध्ये भरून गॅलरीत आंबवत ठेवते. मागच्या उन्हाळ्यात त्यातल्या एका बाटलीचं झाकण दुपारी उडालं आणि खालचे सेक्रेटरी पळत वर आले. मी जागची हलले नाही. खडकीत वाढलेल्या माणसाला एवढ्याने काही होत नाही. त्या पाण्याने फरशी चांगली निघते, हेही सांगते. उगाच नाव ठेवण्यात अर्थ नाही.

तर त्या वर्षी डास झाले. नदी जवळ, कॉलनीत पाण्याची टंचाई म्हणून दारोदार भरून ठेवलेले ड्रम, आणि त्या ड्रमांत डासांचं राज्य. दोन घरांत मलेरिया निघाला. कॉलनीच्या कमिटीने ठरवलं की सगळ्या क्वार्टरांमधून आत-बाहेर औषध फवारून घ्यायचं. कमिटीचे सेक्रेटरी पाटणकर काका निरोप घेऊन आले तेव्हा बाबा व्हरांड्यात दाढी करत होते.

“आमच्याकडे फवारणी होणार नाही,” बाबा आरशातून म्हणाले.

“निगडेसाहेब, एक घर सोडलं तर डास तिथे जाऊन बसतील.”

“डास काय, आमच्याकडे बसायला येणाऱ्यांना आम्ही चहा देतो.”

“तो चहा पिऊन डास मरत असतील तर कमिटीची हरकत नाही,” पाटणकर म्हणाले.

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. हा टोमणा त्यांना लागला, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथून सुरू झालं. ते म्हणाले, येत्या रविवारी संध्याकाळी कमिटीने आमच्याकडे यावं. एकही विषारी थेंब न वापरता डास कसे घालवतात ते मी दाखवतो. पटलं तर पूर्ण कॉलनीने फवारणी नाकारावी. आणि शेवटी, साबण पुसता पुसता, “आमच्या हिला दमा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ती त्याच खोलीत बसेल. याहून मोठा पुरावा कोणता?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुरावा म्हणजे आपण, हे तिला तिथेच कळलं.

पाटणकर गेल्यावर ती म्हणाली, “अहो, पण धूर...”

“धूर नव्हे, धुरी. कडुलिंब, ओवा, गोवरी. पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेत लोक. तुला फवारणीने त्रास होतो ना? मग ती थांबवण्यासाठीच चाललंय हे सगळं. कोणासाठी करतोय मी?”

या प्रश्नाचं उत्तर खरंच ‘तिच्यासाठी’ असं होतं. तिने पोहे किती लागतील ते विचारलं.

शनिवारी मी तिला म्हटलं की पंप जवळ ठेव. पंप म्हणजे तोंडात धरून ओढायचं दम्याचं औषध. तो कपाटात साड्यांच्या खाली असायचा. बाबांनी त्याला बंदी केली नव्हती, पण बाहेर दिसला की ते म्हणायचे, “आता कशाला लागतोय तो?” आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद असायचा की आईने तो नजरेआड केला होता. ती म्हणाली, “पाहुण्यांसमोर हातात पंप घेऊन बसू? मग झालंच की त्यांचं प्रात्यक्षिक.”

रविवारी दिवेलागणीला माणसं आली. पाटणकर काका, कमिटीतले आणखी तिघे-चौघे, शेख काका आणि काकू. आईने ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती. बाबांनी कारखान्यातल्या शिस्तीने तयारी केली. खिडक्या लावल्या, फटींमध्ये ओले टॉवेल कोंबले, व्हरांड्याचं दार ओढून घेतलं. धुरी बाहेर गेली तर उपयोग काय? खोलीच्या मधोमध विटांवर घमेलं ठेवलं होतं. त्यात गोवऱ्या, नारळाची शेंडी, वाळलेला कडुलिंब आणि वर ओव्याची मूठ. मग बाबांनी खिशातून काडेपेटी काढली आणि काडी ओढली. शेख काका कारखान्यातच होते. ते काकूंना हळूच म्हणाले, “वीस वर्षांत यांच्या हातात पेटलेली काडी पहिल्यांदा बघतोय.”

धूर आधी पांढरा आणि बारीक होता. मग तो जाड झाला, छताला लागला आणि तिथून खाली उतरू लागला. बाबा बोलत होते. कॉइलमध्ये काय असतं, फवारणीच्या औषधाचं काय होतं, ते जमिनीत कसं मुरतं, मुलांच्या रक्तात कसं जातं. त्यातलं बहुतेक सगळं बरोबर होतं. आज मी ते वाचते तेव्हाही बरोबरच निघतं. पाहुणे डोळे पुसत ऐकत होते. पाटणकर एकदा म्हणाले, “निगडेसाहेब, डास दिसेनासे झाले हे कबूल. आपणही दिसेनासे झालात.” सगळे हसले आणि हसता हसता खोकले.

आई खोकली नाही. ती घमेल्यासमोर, भिंतीशी, पाठ ताठ करून बसली होती. मी पोह्यांच्या बश्या फिरवत होते आणि प्रत्येक बशीनंतर तिच्याकडे पाहत होते. तिचे खांदे वर चढले होते. पदर तिने गळ्याभोवती असा घट्ट घेतला होता की खळगा दिसू नये. मी तिच्यापुढे वाकून बशी धरली.

“आत चल,” मी पुटपुटले.

तिने मान हलवली. नाही.

“आई.”

“थोडंच... राहिलंय,” ती म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेतला.

मी बाबांकडे पाहिलं. ते मुलांच्या रक्तापर्यंत आले होते आणि माझ्या अंदाजाने त्यांच्यापुढे अजून फरशीचा सोडा आणि कपड्यांचा रिठा शिल्लक होता. आमच्या घरात बाबांना मध्येच तोडायची पद्धत नव्हती. त्यांनी मनाई केली होती असं नाही, पण कोणी ते केलंच नव्हतं. तेवढ्यात आई उठली. “चहा टाकते,” असं म्हणायचा तिने प्रयत्न केला, त्यातलं ‘चहा’ एवढंच ऐकू आलं. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरात गेली आणि आत जाताच तिने दार लोटून घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी मागोमाग गेले. ती ओट्याखाली बसली होती, तळवे गुडघ्यांवर, तोंड उघडं. शिट्टी आता भिंतीपलीकडेही ऐकू जाईल इतकी मोठी होती, पण भिंतीपलीकडे बाबा बोलत होते. मागच्या खोलीत धुराने कपाट दिसत नव्हतं. मी चाचपडत दार उघडलं, साड्या खाली ओढल्या, पंप सापडला. आणून तिच्या तोंडात धरला. एक फुसका झोत आला. दुसऱ्याला काहीच नाही. तो रिकामाच झाला होता. गरज पडत नाही म्हणून नवा कोणी आणलाच नव्हता. तिने पंप हातातून बाजूला केला आणि माझं मनगट धरलं. तिची नखं निळसर दिसत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायला श्वास नव्हता.

मी बाहेर आले.

“बाबा, आईला श्वास घेता येत नाहीये.”

बाबांचा हात हवेत होता. माझ्याकडे न पाहता त्यांनी तो थोडा वर केला आणि म्हणाले, “एक मिनिट.”

मी आजवर हे दोन शब्द हजारदा ऐकले असतील. बँकेत, दवाखान्यात, फोनवर, घरात. दर वेळी मी घड्याळाकडे पाहते. बाबा निर्दय नव्हते. त्यांना वाक्य पुरं करायचं होतं, आणि ते वाक्य आईच्या श्वासाबद्दलच होतं. “हिच्या श्वासात जेव्हा शुद्ध हवा...” इथपर्यंत ते आले होते.

शेख काकू उठल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. खिडकीतला टॉवेल ओढून काढला, तावदान उघडलं आणि म्हणाल्या, “साहेब, वाक्य ठेवा तिथंच. वहिनी कुठे आहेत?”

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं ते सगळं बिनचूक केलं, कारण त्यांना त्याचंच शिक्षण होतं. दारं-खिडक्या उघडल्या, घमेलं उचलून मोरीत नेलं, माणसांना व्हरांड्यातून बाहेर काढलं, आईला धरून पायरीवर आणलं. शेख काकांनी स्कूटर काढली. मध्ये आई, मागे तिला धरून काकू. बाबा सायकलवर, मी कॅरियरवर. रस्त्याच्या वळणावर मला दिसलं की त्यांच्या पायांत चपला नाहीत. पुढे स्कूटरच्या आवाजातून मला तिची शिट्टी ऐकू येते का, याकडे मी कान लावले होते. ऐकू येत होती तोवर ठीक होतं. मध्ये एकदा ऐकू येईनाशी झाली, आणि बाबांनी पेडल इतकं जोरात मारलं की साखळी उतरली. उरलेलं अंतर आम्ही पळालो.

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे आणि तुसडे होते. आम्ही पोचलो तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजन होता आणि ते दंडात इंजेक्शन देत होते. बराच वेळ त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मग आईच्या खांद्यांनी उतरायला सुरुवात केली. मला ते त्यांच्या आधी दिसलं.

“कशाने झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“धुरी केली होती,” शेख काकू म्हणाल्या.

“पूर्णपणे नैसर्गिक,” बाबा म्हणाले. सवयीने म्हणाले, म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. “कडुलिंब, ओवा, गोवरी. रसायन एकही नाही.”

डॉक्टरांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. “हे त्यांच्या फुप्फुसांना कळवलं होतंत का?”

बाबांनी मान खाली घातली.

आई घरी आली तेव्हा भिंती पुसलेल्या होत्या. सोड्याने. बाबांनी एकट्यांनी घासल्या होत्या, आणि दोन दिवस त्यांना हात वर करता येत नव्हता. माफी वगैरे मागण्याची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी नवा पंप आणला, त्याला लाल फीत बांधली आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगला. कारखान्यात आग विझवण्याच्या वाळूच्या बादल्या अशाच टांगलेल्या असतात, दिसतील अशा आणि हात पोचेल अशा. शेजारी आणखी एक भरलेला पंप. आईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा व्हरांड्याच्या दाराशी टांगला.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“आत येताना काडेपेटी इथे टाकायची,” आई म्हणाली. “सगळ्यांनी. देवाजवळची माझ्या ताब्यात.”

बाबांनी खिशातून काडेपेटी काढली, डब्यात टाकली आणि हात दोन्ही बाजूंना पसरून उभे राहिले, गेटवर कामगार झडतीला राहतात तसे. आईने खरोखरच त्यांचे खिसे चाचपले. ती हसत नव्हती.

फवारणीचं पथक पुढच्या आठवड्यात आलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे आमचं क्वार्टर आणि दोन्ही बाजूची क्वार्टरं सोडली. बाबांनी धुरीवर पुन्हा व्याख्यान दिलं नाही. ते दर रविवारी कॉलनीतून फिरून ड्रम उपडे करायला लावायचे, टायर उचलायचे, कूलरचं पाणी ओतून द्यायचे. लोक वैतागायचे आणि ओतायचे. मच्छरदाण्या आल्या. रिठे, सोडा, लिंबाच्या साली तशाच राहिल्या, फक्त फरशी आता आळीपाळीने घासली जाऊ लागली, आणि तेव्हापासून बाबांच्या बोलण्यात फरशीचा उल्लेख येईनासा झाला. गेल्या महिन्यात आमच्या क्लबहाउसमध्ये एक उत्साही मुलगी कडुलिंबाच्या धुरीचे फायदे सांगत होती. मी उठून खिडकी उघडली. ती म्हणाली, “आजी, धुरी बाहेर जाईल.” मी म्हटलं, “जाऊ दे की. तिलाही हवा लागते.”

बाबा निवृत्त झाले तेव्हा कॉलनीच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. मोठे साहेब आले होते. समई पेटवायचा मान बाबांना दिला. साहेबांनी भाषणात सांगितलं की निगडेंच्या कारकिर्दीत गेटमधून एकही काडेपेटी आत गेली नाही, आणि अशी दक्षता म्हणजे केवळ नोकरी नसते, ते व्रत असतं. टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या. हार, श्रीफळ, शाल घेऊन आम्ही चालत घरी आलो. दारात आईने डबा पुढे धरला. बाबांच्या खिशातून समईची काडेपेटी निघाली.